हळदीकुंकवाचं पन्हं: कैरी, गूळ आणि माप

तुम्ही लिहिलंय की गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला केलेलं पन्हं तुरट लागलं, रंग काळपट आला आणि उरलेला गर चौथ्या दिवशी फसफसला. यंदा ५० जणी यायच्या आहेत, तर कैरी उकडायची की कच्ची किसायची, गूळ घालायचा की साखर, आणि किती घालायची, हे विचारलंय. मी चिपळूणला १९९८ पासून घरी पन्ह्याचा गर करून विकते. या तिन्ही तक्रारी माझ्या स्वयंपाकघरात कधी ना कधी होऊन गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

आधी मापाचं बोलू, कारण बहुतेकींचं पन्हं तिथेच बिघडतं. आपल्याकडे घरोघरी एकच प्रमाण सांगतात: एक वाटी गर, दोन वाट्या गूळ. हे प्रमाण चुकीचं नाही, पण ते वाटीचं आहे. चिरलेला गूळ वाटीत पोकळ बसतो. माझ्या रोजच्या वाटीत गर भरला तर दोनशे ग्रॅमच्या थोडा वर भरतो, आणि त्याच वाटीत किसलेला गूळ दाबून न भरता घेतला तर जेमतेम १४० ग्रॅम. म्हणजे दोन वाट्या गूळ वजनाने गराच्या दुप्पट नसतो, सव्वापट ते दीडपटच असतो. हल्ली घरात वजनकाटा असतो. एखादी अर्धा किलो गराला किलोभर गूळ तोलून घालते आणि मग पन्हं पाकासारखं लागतं. उलट कोणी गूळ ठेचून, दाबून वाटी भरते, तिचंही तेच होतं. साखर वाटीत घट्ट बसते, म्हणून वाटीने मोजायची असेल तर एका वाटी गराला दीड वाटी साखर पुरते. काटा असेल तर सरळ वजन धरा: एक किलो गराला सव्वा ते दीड किलो गूळ किंवा साखर.

सव्वा की दीड, हे कैरी ठरवते. आणि कैरी मोजायची नाही, गर मोजायचा. एका किलोची सालं, बाठी, देठ जाऊन हातात साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम गर येतो. कैरी लहान असेल, बाठ मोठी असेल तर त्याहूनही कमी. 'चार कैऱ्यांना अमुक गूळ' असलं प्रमाण कोणी दिलं तर ते सोडून द्या. राजापुरीच्या चार कैऱ्या आणि रायवळच्या चार कैऱ्या यांची बरोबरीच होत नाही.

कैरी कुठली घ्यावी? शहरात मिळत असेल तर राजापुरी. मोठी, गर भरपूर, रेषा कमी, आंबटपणा चोख. कोकणात आम्ही गावठी रायवळही वापरतो. तिचा स्वाद राजापुरीपेक्षा खोल असतो, पण झाडागणिक चव बदलते आणि रेषा इतक्या की गर चाळण्यावाचून गत्यंतर नाही. तोतापुरी मात्र पन्ह्याला घेऊ नका. ती मीठ-तिखट लावून खायला छान, पण पन्ह्याला लागणारा आंबटपणा तिच्यात नसतो. मग आपण लिंबू पिळतो आणि ते लिंबाचं सरबत होतं. हापूसच्या कोवळ्या कैऱ्यांचं पन्हं सुवासिक होतं. मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या आमच्याकडे टोपलीने येतात. त्या त्याच दिवशी उकडल्या तर उत्तम, दुसऱ्या दिवशी आपटलेल्या जागी तपकिरी डाग पडतो आणि तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो.

कैरी हातात घेतली की घट्ट लागली पाहिजे, साल तुकतुकीत हिरवी, देठ शाबूत. एक कापून बघा. आत पांढरट हिरवा गर आणि बाठ नुकती धरलेली असेल तर ती कैरी पन्ह्याची. गराला पिवळी छटा आली असेल तर आंबटपणा उतरायला लागलाय. ती टाकून द्यायची नाही, पण गूळ सव्वापटीच्याही खाली आणावा लागेल. अगदी कोवळी, बाठ न धरलेली कैरी घेतलीत तर तुरटपणा वाढतो. तुमच्या तुरट पन्ह्याचं हे एक कारण असू शकतं.

दुसरं कारण चीक. देठाशी जो चीक असतो तो तुरट तर असतोच, शिवाय कित्येकांच्या ओठाला आणि हाताला पुरळ उठतं. मी कैऱ्या धुऊन घेते, देठाची चकती अर्धा बोट जाडीची कापते आणि कैरी देठाकडून खाली करून तासभर पाण्यात ठेवते. पाण्यावर चिकाचा तवंग दिसतो. ते पाणी फेकून पुन्हा एकदा कैऱ्या धुवायच्या. एवढी गोष्ट घाईत राहून जाते आणि मग सगळं पातेलं कडवट लागतं.

तिसरं कारण बाठ. कैरी कुकरमध्ये थेट पाण्यात टाकून पाच-सहा शिट्ट्या केल्या की ती फुटते, बाठ उघडी पडते आणि आतल्या कोयीचा तुरटपणा गरात उतरतो. शिवाय कैरीचा अर्धा आंबटपणा त्या पाण्यात जातो आणि ते पाणी आपण ओतून देतो. कैरी वाफवायची असते. कुकरच्या तळाशी पाणी, वर भांडं, भांड्यात नुसत्या अख्ख्या कैऱ्या, पाण्याचा थेंब नाही, वर झाकण. माझी सासू भाताच्या वेळीच वरच्या भांड्यात कैऱ्या लावायची. मोठ्या राजापुरीला तीन शिट्ट्या, लहान रायवळला दोन, आणि कुकर आपोआप उतरू द्यायचा. साल पोपटी-पिवळी होते, बोटाने दाबलं की आत खळगा पडतो. भांड्याच्या तळाशी जो थोडा रस सुटतो तो गरातच घालायचा.

निवल्यावर साल काढा. सालीच्या आतल्या बाजूला गराचा जाड थर चिकटून येतो, तो चमच्याने अलगद काढायचा. खरवडायचा नाही, खरवडलं की सालीचा कडवटपणा येतो. बाठी हातानेच पिळून घ्या. मग हा गर पुरणयंत्रातून काढा. मिक्सरपेक्षा मला पुरणयंत्र आवडतं, कारण मिक्सरमध्ये रेषांचे बारीक तुकडे होतात आणि ते पेल्यात तळाशी जाऊन बसतात, पुरणयंत्रात रेषा वरच राहतात. यंत्र नसेल तर पिठाची नको, जरा मोठ्या भोकांची स्टीलची चाळणी घ्या आणि वाटीच्या पाठीने गर घासून काढा.

आता काळपट रंगाचं. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. गुळाचं पन्हं तपकिरी सोनेरीच दिसणार, गडद सेंद्रिय गूळ असेल तर चहासारखं दिसणार. ते बिघडलेलं नाही. चित्रातल्यासारखं पिवळंधमक पन्हं हवं असेल तर ते साखरेचं किंवा पिवळ्या गुळाचं असतं, वर केशर. पण तुम्ही म्हणता तसा राखाडी-काळा रंग आला असेल तर भांड्याकडे बघा. कैरीतला तुरट अंश लोखंडाला लागला की काळा पडतो. विळीवर कैरी चिरून ठेवली, लोखंडी कढईत गूळ विरघळवला की हे होतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तर पन्हं कळकतं आणि ते पिऊही नये. ॲल्युमिनियमचं पातेलंही आंबटाला नको. स्टील, काच, चिनीमाती, एवढंच.

चिरलेली कच्ची कैरी उघडी ठेवली तरीही ती तपकिरी होते, कापलेल्या सफरचंदासारखी. वाफवलेल्या कैरीत तसं होत नाही, कारण रंग बदलणारं जे विकर कैरीत असतं ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून आधी चिरून, सोलून मग शिजवण्यापेक्षा अख्खी वाफवून मग सोलणं चांगलं.

कच्च्या कैरीचं पन्हं मला स्वतःला फार आवडतं, पण ते त्याच दिवशीचं. कैरी सोलून किसायची, थोड्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवून फडक्यातून पिळायची, आणि त्या रसात साखर, मीठ, वेलदोडा. फिकट हिरवा रंग, झाडावरच्या कैरीचा ताजा वास. चार-पाच माणसांच्या घरी दुपारी करावं. ५० जणींना करायला गेलात तर किसून किसून हात दुखतील आणि संध्याकाळपर्यंत रंग उतरेल. हळदीकुंकवाला उकडलेलंच करा.

तिसरा प्रकार भाजलेल्या कैरीचा. उत्तरेकडच्या आम पन्ह्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ आणि पुदिना असतो, बंगालमध्येही भाजलेल्या कैरीचं सरबत करतात. निखाऱ्यावर कैरी ठेवली की साल काळी होऊन तडकते, त्या भेगेतून रस उकळून बाहेर येतो आणि निखाऱ्यावर पडून चुर्र आवाज होतो. तो धुराचा वास गरात मुरतो. हे पन्हं कमी गोड ठेवायचं, गूळ गराच्या बरोबरीने, त्याहून जास्त नाही. यात वेलदोडा घालू नका. धूर आणि वेलदोडा एकमेकांना मारतात. गॅसच्या आचेवरही कैरी भाजता येते, फक्त सगळ्या बाजूंनी फिरवत राहायला हवी आणि नंतर जळकी साल धुऊन न काढता पुसून काढायची, धुतली की वास गेला.

आता तुमचा हिशोब. हळदीकुंकवाला भरलेला मोठा ग्लास कोणी पीत नाही, शेजारी कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड असतेच. सव्वाशे मिलीचा पेला धरा. ५० जणींना सव्वासहा लिटर पन्हं लागेल. त्यासाठी सव्वा किलो राजापुरी कैरी आणा, तिचा साधारण सातशे ग्रॅम गर निघेल. त्याला ९०० ग्रॅम गूळ. कैरी कडक आंबट निघाली तर शंभर ग्रॅम वाढेल, म्हणून किलोभर आणून ठेवा. पाणी पाच लिटर. मीठ दोन सपाट चहाचे चमचे, वीसेक वेलदोड्यांची पूड आणि केशर आवडत असेल तर दोन चिमटी. मिठाला घाबरू नका. मीठ कमी पडलं की पन्हं नुसतं गोड-आंबट लागतं, जिभेवर रेंगाळत नाही.

गूळ आधी वेगळा वितळवून घ्या. ९०० ग्रॅम गुळात पाऊण वाटी पाणी, मंद आच, पूर्ण विरघळला की गाळणीतून गाळायचा. कितीही स्वच्छ दिसणारा गूळ असो, तळाशी वाळूचे कण आणि उसाची काडी सापडतेच. मग त्यात गर घालून एक उकळी येऊ द्या आणि गॅस बंद करा. आणखी शिजवत बसू नका. कच्च्या कैरीत पेक्टिन भरपूर असतं, गुळाबरोबर रटरट शिजवलं की ते आळतं आणि तुमच्याकडे पन्ह्याऐवजी मुरंबा तयार होतो. मीठ गरमातच घाला, वेलदोडा पूर्ण निवल्यावर, आणि केशर चमचाभर कोमट पाण्यात खलून सर्वांत शेवटी. जायफळ घालायचं तर किसणीवर दोनदा ओढलं तेवढंच, त्याच्या पुढे ते कडू लागतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गर चाटून गोडी ठरवू नका. गूळ घातलेला घट्ट गर जिभेला इतका तीव्र लागतो की त्यावरून काहीच कळत नाही. एक चमचा गर, चार चमचे थंड पाणी, वाटीत ढवळून ते चाखा. पाणी थंडच हवं, कारण गार पदार्थ कमी गोड लागतो. कोमट पाण्यात बरोबर वाटलेलं पन्हं माठाच्या पाण्यात आंबट वाटतं. या एका वाटीवर मी आजही थांबते, शंभर किलोचा गर असला तरी. आंबट वाटलं तर गूळ वाढवा, मिळमिळीत वाटलं तर आधी मीठ चिमूटभर घालून बघा आणि मगच लिंबाकडे वळा.

फसफसण्याचं कारण सांगताना माझा २००९ चा मे महिना आठवतो. गिऱ्हाइकं म्हणायची, फार गोड असतो हो तुमचा गर. मी गूळ निम्म्यावर आणला, बाकी कृती तीच ठेवली आणि चाळीस बाटल्या विदर्भात पाठवल्या. रस्त्यात दोन दिवस, वर तिथलं ऊन. पोहोचेपर्यंत निम्म्या बाटल्या फुगल्या होत्या, काहींची झाकणं उडून खोक्यातले कागद चिकट झाले होते. सगळ्यांचे पैसे परत केले. त्या नुकसानीने एक गोष्ट शिकवली: गूळ इथे फक्त गोडीसाठी नसतो, तो गर टिकवतोही. साखरेचं प्रमाण चांगलं असेल तर यीस्टला वाढायला मोकळं पाणीच मिळत नाही. ते कमी केलंत की गर टिकणार नाही, मग तो फ्रीजमध्येच हवा आणि लवकर संपायला हवा.

तुमच्या गराचं बहुधा असं झालं असणार: गूळ गरात कच्चाच मिसळला, उकळी दिली नाही आणि उरलेल्या गरात पाणी आधीच घातलेलं होतं. पाणी घातलेलं पन्हं दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवूच नका. नुसता गर, गुळासकट एक उकळी दिलेला, उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरला, तर फ्रीजमध्ये महिनाभर नीट राहतो. ओला चमचा आत गेला की आठवड्यात बुडबुडे दिसतात. बुडबुडे दिसले, वास दारूसारखा आला, की उकळून वाचवायला जाऊ नका, ओतून द्या. वर्षभरासाठी ठेवायचा तर साधा गर, गूळ न घालता, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पिशवीत भरा. दिवाळीत चार खडे काढून पन्हं करता येतं. फ्रीजरमधला गर वर्षभर टिकतो, फक्त वास जरा मंदावतो.

उन्हाचं म्हणाल तर पन्हं उन्हाळ्यात बरं वाटतं यात शंका नाही, पाणी, मीठ, आंबटपणा, सगळं त्यात आहे. पण ऊन लागून अंग तापलं असेल, घाम थांबला असेल, माणूस बरळत असेल तर पन्हं पाजत बसू नका, अंग गार पाण्याने पुसत सरळ दवाखान्यात न्या. जुलाबातही पन्हं ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. ओआरएसच्या एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि आपल्या पन्ह्याच्या एका लिटरमध्ये जवळजवळ १४५ ग्रॅम गूळ. इतक्या गोडाने जुलाब वाढू शकतात. मधुमेह असलेल्या बायका हळदीकुंकवाला येतातच. त्यांना नको म्हणायची वेळ आणू नका. गूळ न घातलेला थोडा गर बाजूला काढून ठेवा. त्यात पाणी, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन पुदिन्याची पानं चुरडून घाला. गूळ घातलेल्या पन्ह्यालाही तो 'गूळ आहे, साखर नाही' असं म्हणून चालत नाही, रक्तातल्या साखरेला दोन्ही सारखेच.

आदल्या दिवशी संध्याकाळी गर करून फ्रीजमध्ये टाका. रात्रभरात वेलदोडा मुरतो आणि ताज्या गरापेक्षा ते पन्हं नक्कीच चांगलं लागतं. केशरही रात्रभरात रंग सोडतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माठाच्या पाण्यात मिसळा. माठात वाळ्याची जुडी टाकलीत तर फारच छान, पण मग केशर नको, दोन सुगंध एका पेल्यात गर्दी करतात. बर्फ पातेल्यात टाकू नका. पहिल्या दहा जणींना घट्ट आणि शेवटच्या दहा जणींना पाणचट पन्हं मिळतं. त्यापेक्षा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा, किंवा पाण्यातलं अर्धं आधीच फ्रीजमध्ये गार करून घ्या.

बाठी टाकू नका. त्यांना राहिलेला गर हाताने सुटत नाही, पण आमटीत दोन बाठी टाकल्या की चिंच-कोकम काही लागत नाही.

आणि वाढताना पळी पातेल्याच्या तळापासून फिरवून मग पेला भरा, दर वेळी. गर जड असतो, दहा मिनिटांत खाली बसतो. वाढायला एखादी भाची-पुतणी उभी करणार असाल तर तिला हे आधीच सांगून ठेवा.